सातासमुद्रापलीकडचा उद्योग : शेठ वालचंद हिराचंद आणि ‘लॉयल्टी’ जहाज

कोल्हापूर नगरीपासून समुद्र तसा दूर आहे. सह्याद्रीचे घाट उतरल्याखेरीज त्याचे दर्शन घडत नाही. तथापि या करवीर नगरीचा आणि सागरी व्यापाराचा संबंध सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. पंचगंगेच्या काठी असलेल्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ ते १९४६ च्या सुमारास ज्या प्राचीन वस्तू सापडल्या, त्यांत पोसिडॉन या समुद्रदेवतेची एक लहानशी कांस्यमूर्ती होती. रोमन जगातून आलेली ही मूर्ती आज टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाचे भूषण मानली जाते. सातवाहनांच्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून घाटमार्गे देशावर माल येत असे आणि देशावरचा माल त्याच वाटेने परदेशी जात असे, याची ती मूक साक्ष होय. पुढील शतकांतही राजापूर बंदर आणि अणुस्कुरा घाट यांच्याद्वारे कोल्हापूरच्या बाजारपेठेचे समुद्राशी दळणवळण चालू राहिले.

जैन कथावाङ्मयातही सागरी व्यापाराच्या कथा विपुल आहेत. आचार्य जिनसेनांच्या हरिवंशपुराणातील चारुदत्त हा श्रेष्ठीपुत्र द्रव्यार्जनासाठी समुद्रप्रवास करतो, जहाज फुटल्याचे दुःख भोगतो आणि तरीही उद्योग सोडत नाही. श्रीपाल राजाच्या कथेतील धवलशेठाची गलबते तर आबालवृद्धांच्या परिचयाची आहेत. ज्या समाजाच्या कथांतून गलबते आणि द्वीपांतरे यांचा उल्लेख वारंवार येतो, त्या समाजाच्या पूर्वजांना समुद्र अपरिचित नव्हता, एवढे निश्चित म्हणता येईल.

मात्र इंग्रजी अमलात ही स्थिती पालटली. व्यापार वाढला, पण जहाजे परक्यांची झाली. देशावरचा कापूस मुंबईस जाई, तेथून इंग्रजी आगबोटींनी विलायतेस जाई आणि मँचेस्टरचे कापड होऊन तशाच आगबोटींनी परत येई. जातानाचे भाडे इंग्रज कंपनीस आणि येतानाचे भाडेही इंग्रज कंपनीस. गावोगावच्या पेढीवरील व्यापारी भाव ठरवीत असे खरा. परंतु त्या भावातील भाड्याचा हिस्सा लंडनमध्ये ठरत असे. आपल्या दारी आलेल्या परदेशी व्यापाऱ्यास माल विकणे निराळे आणि परक्याच्या दारी जाऊन आपला उद्योग उभा करणे निराळे. हा दुसरा मार्ग चोखाळण्याचे धाडस सोलापूरच्या एका दिगंबर जैन घराण्यातील पुरुषाने १९१९ साली केले. शेठ वालचंद हिराचंद यांच्या त्या धाडसाचा, त्यात आलेल्या अपयशाचा आणि त्या अपयशातून निघालेल्या मार्गाचा हा संक्षिप्त वृत्तांत आहे.

पूर्वीचे दोन प्रयत्न

वालचंद शेठजींच्या आधीही या मार्गावर काही थोर पुरुषांनी पाऊल टाकले होते. त्यांपैकी दोघांची हकीकत ध्यानात घेतल्याखेरीज पुढील कथेचे मर्म कळणार नाही.

पहिले जमशेटजी टाटा. मुंबईहून चीन व जपानकडे जाणारा कापूस आणि सूत यांच्या वाहतुकीवर पी. अँड ओ. या बलाढ्य इंग्रज कंपनीचे वर्चस्व होते व तिचे भाडे व्यापाऱ्यांना जाचक वाटत असे. १८९३ साली जमशेटजी जपानला गेले आणि तेथील निप्पॉन युसेन कायशा या कंपनीशी बोलणी करून त्यांनी स्वतःची ‘टाटा लाइन’ सुरू केली. त्यांनी भाडे कमी ठेवले. त्यावर पी. अँड ओ. कंपनीने आपले दर इतके खाली आणले की, त्यांत कोळशाचा खर्चही निघणे कठीण व्हावे. ज्यांच्यासाठी जमशेटजींनी हा खटाटोप केला, ते व्यापारीच स्वस्त भाड्याच्या मोहाने पुन्हा इंग्रज कंपनीकडे वळले. टाटा लाइन अल्पावधीत बंद पडली.

दुसरे तुतिकोरिनचे व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै. त्यांनी १९०६ साली स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापून तुतिकोरिन ते कोलंबो अशी वाहतूक सुरू केली. येथेही ब्रिटिश इंडिया या इंग्रज कंपनीने उतारूंचे भाडे अत्यंत कमी करून त्यांना जेरीस आणले. १९०८ साली सरकारने चिदंबरम यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात टाकले आणि त्यांची कंपनी काही वर्षांतच बुडाली.

या दोन्ही प्रयत्नांत धैर्य होते, देशाभिमान होता आणि भांडवलही होते. तरीही ते टिकले नाहीत. प्रतिपक्षाजवळ अनेक मार्गांवर अनेक जहाजे होती. एका मार्गावरील तोटा तो दुसऱ्या मार्गावरील नफ्यातून भरून काढू शकत होता. नवख्या कंपनीजवळ मार्ग एकच आणि तोटाही एकाच ठिकाणी. बाजारपेठेत शेजारच्या मोठ्या दुकानदाराने मुद्दाम खरेदीभावाखाली माल विकावयास काढला, तर नव्या दुकानदाराची जी गत होते, तीच येथे झाली.

सोलापूरचे दोशी घराणे

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे गुजरातचे, हुमड ज्ञातीतील. व्यापाराच्या निमित्ताने महाराष्ट्रात येऊन येथेच स्थायिक झालेले. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा धंदा. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ धनिक नव्हते, तर समाजाच्या प्रबोधनाची तळमळ असलेले गृहस्थ होते. ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक त्यांनीच १८८५ साली सुरू केले. जैन समाजातील अज्ञान व रूढी यांवर त्या काळी निर्भीडपणे लिहिणाऱ्या या पत्राचे नाव दक्षिण महाराष्ट्रातील जैन घराघरांत आदराने घेतले जात असे.

वालचंद यांचे शिक्षण सोलापूर, मुंबई व पुणे येथे झाले. परंतु पदवी पूर्ण न करताच ते धंद्यात पडले. वडिलोपार्जित सावकारीत त्यांचे मन रमेना. रेल्वेतील कारकुनीचा अनुभव असलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची बांधकामे घेण्यास आरंभ केला. एकाकडे भांडवल आणि पत, दुसऱ्याकडे कामाची माहिती, असा तो योग होता. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा ठेकेदारीचा धंदा पुढे बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांपर्यंत जाऊन पोहोचला. जैन शेठ आणि ब्राह्मण कारकून यांची ही भागीदारी त्या काळच्या समाजस्थितीत उल्लेखनीयच म्हटली पाहिजे.

जहाजाची पूर्वकथा

पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. युद्धात असंख्य जहाजे बुडाल्यामुळे मालवाहतुकीचे दर गगनाला भिडले होते आणि हिंदी व्यापाऱ्यांचा माल बंदरांत पडून राहत होता. अशा वेळी वालचंद शेठजींच्या कानावर आले की, ग्वाल्हेरचे शिंदे महाराज आपले ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विकणार आहेत. बांधकामाच्या ठेकेदारास जहाजांचा अनुभव मुळीच नव्हता. परंतु संधी ओळखण्याची दृष्टी होती.

या जहाजाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. ज्या १८९१ साली मिरज ते कोल्हापूर रेल्वे सुरू झाली, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हे जहाज बांधून तयार झाले. त्याचे मूळ नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या मालकीचे हे उतारू जहाज पूर्वेकडील बंदरे आणि कॅनडातील व्हँकुव्हर यांच्या दरम्यान ये-जा करीत असे. १८९३ च्या जुलै महिन्यात स्वामी विवेकानंद शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेसाठी जपानहून याच जहाजाने निघाले. जमशेटजी टाटा या प्रवासात त्यांचे सहप्रवासी होते. त्याच परिषदेत जैन धर्माची बाजू मांडण्यासाठी वीरचंद राघवजी गांधी हेही शिकागोस गेले होते आणि समुद्रपर्यटन केल्याबद्दल त्यांना स्वदेशी परतल्यावर स्वजनांचाच रोष सहन करावा लागला होता. सव्वीस वर्षांनंतर तेच जहाज एका जैन व्यापाऱ्याच्या हाती आले.

महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेर दरबारने हे जहाज घेतले, त्यास ‘लॉयल्टी’ असे नाव दिले आणि जखमी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून त्याचा उपयोग केला. युद्ध संपताच ते विक्रीस निघाले. वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मुंबईच्या मातब्बर व्यापाऱ्यांना बरोबर घेतले व जहाज खरेदी केले. २७ मार्च १९१९ रोजी ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ची नोंदणी झाली. अधिकृत भांडवल साडेचार कोटी रुपयांचे होते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून पहिले जहाज आले म्हणून कंपनीस त्यांचे नाव मिळाले.

नोंदणीनंतर अवघ्या नवव्या दिवशी, म्हणजे ५ एप्रिल १९१९ रोजी, ‘लॉयल्टी’ने मुंबई बंदरातून लंडनच्या दिशेने नांगर उचलला. हिंदी मालकीची आगबोट इंग्रजांच्या राजधानीकडे व्यापारासाठी निघाली, ही घटना त्या काळी केवढी अपूर्व वाटली असेल, याची कल्पना आज करणे कठीण आहे.

विलायतेतील अडचणी

परदेशात उद्योग सुरू करणाऱ्याच्या खऱ्या अडचणी तेथे पोहोचल्यानंतर सुरू होतात, हा अनुभव येथेही आला. मालवाहतुकीच्या धंद्याचे मर्म परतीच्या मालात असते. कोल्हापुरातून गूळ घेऊन मुंबईस गेलेली मालमोटार परत येताना रिकामी आली, तर जातानाचा नफा डिझेलमध्येच जातो, हे प्रत्येक वाहतूकदार जाणतो. जहाजाच्या बाबतीत हाच हिशेब शतपट मोठा असतो. मुंबईहून लंडनला जाण्यासाठी माल व उतारू मिळविणे हे स्वदेशातील ओळखीच्या बळावर साध्य होते. लंडनहून परत येताना माल देणारे मात्र इंग्रज कारखानदार व निर्यातदार होते आणि ते ‘कॉन्फरन्स’च्या बंधनात होते.

ही कॉन्फरन्स म्हणजे काय, हे समजून घेणे आवश्यक आहे. एका मार्गावर जहाजे चालविणाऱ्या कंपन्या आपसांत संगनमत करून भाड्याचे दर ठरवीत. त्याचबरोबर व्यापाऱ्यांना बांधून ठेवण्यासाठी ‘विलंबित वटावा’ची पद्धत अवलंबीत. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्यातील काही हिस्सा, साधारणपणे शेकडा दहा, कंपनी त्यास वटाव म्हणून परत करी. परंतु तो लगेच नव्हे. काही महिने लोटल्यानंतर आणि त्या अवधीत त्याने दुसऱ्या कोणाच्याही जहाजातून एकही नग पाठविला नसेल, तरच. एकदा जरी त्याने नव्या कंपनीस माल दिला, तरी मागील साठलेला सर्व वटाव बुडाला. साहजिकच नव्या कंपनीचे दर कमी असले, तरी व्यापारी तिच्याकडे फिरकत नसे. आपल्या कापड बाजारात वर्षअखेरच्या वटावावर गिऱ्हाईक टिकविण्याची रीत आहे; परंतु दुसरीकडे एक ठाण घेतले म्हणून मागील सारा वटाव जप्त करण्याची रीत कोणत्याही सचोटीच्या पेढीवर आढळणार नाही.

याखेरीज जहाजास धक्क्यावर जागा लागते, कोळसा लागतो, दुरुस्तीची गोदी लागते, विमा लागतो आणि परक्या मुलुखात विश्वासाचा आडत्या लागतो. या सर्व गोष्टी ज्यांच्या हाती होत्या, त्यांच्याशीच स्पर्धा करावयाची होती. त्यात ‘लॉयल्टी’ हे अठ्ठावीस वर्षांचे जुने, उतारूंसाठी बांधलेले जहाज. मालवाहतुकीच्या नफ्यातोट्याच्या हिशेबात अशा जहाजाचा खर्च बसविणे कठीण होते.

त्यातच काळ फिरला. युद्धानंतरची तेजी दीड-दोन वर्षांत ओसरली. नवी जहाजे बांधून तयार होताच जगभर वाहतुकीचे दर कोसळले. ‘लॉयल्टी’ फार काळ धावू शकली नाही. मार्च १९२१ मध्ये ती मुंबईत नांगरून ठेवावी लागली आणि १९२३ साली मोडीत निघाली. लंडनची वाहतूक बंद पडली. ज्या जहाजाने इतिहास घडविला, त्याचा शेवट भंगारात झाला.

विकावे की टिकावे

एव्हाना कंपनीजवळ इतरही जहाजे होती. संचालकांनी आपले लक्ष हिंदी किनारा आणि ब्रह्मदेश यांच्या वाहतुकीकडे वळविले. रंगूनचा तांदूळ हा त्या काळी मोठा व्यापार होता. परंतु तेथे ब्रिटिश इंडिया कंपनीचे साम्राज्य होते आणि पी. अँड ओ. व ब्रिटिश इंडिया या दोन्ही कंपन्यांची सूत्रे लॉर्ड इंचकेप यांच्या हाती एकवटली होती. पुन्हा तोच जुना डाव सुरू झाला. भाडी खाली आली, सिंदियाचा तोटा वाढला आणि भागधारकांत चलबिचल सुरू झाली.

अशा वेळी इंचकेप यांच्याकडून कंपनी विकत घेण्याची तयारी दर्शविण्यात आली. तोट्यातील धंदा विकून मोकळे व्हावे, हा व्यवहारी सल्ला देणारे लोक प्रत्येक काळात असतात आणि त्यांचा सल्ला सर्वस्वी चुकीचा असतो असेही नाही. भागधारकांचा पैसा हा विश्वस्ताच्या भावनेने सांभाळावयाचा असतो. तो केवळ अभिमानापोटी बुडविण्याचा अधिकार कोणत्याही संचालकास नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, ही कंपनी विकली गेली असती, तर हिंदी माणसास जहाजाचा धंदा जमत नाही, या समजावर कायमचे शिक्कामोर्तब झाले असते. नरोत्तम मोरारजी, वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनी न विकण्याचा निर्णय घेतला.

परंतु न विकण्याचीही किंमत मोजावी लागली. १९२३ साली सिंदिया आणि इंचकेप यांच्या कंपन्यांत दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंदियाने किनाऱ्यावरील मालवाहतूकच करावी, उतारूंच्या धंद्यात पडू नये, परदेशी मार्गांवर जहाजे नेऊ नयेत आणि ठरावीक मर्यादेपलीकडे जहाजे वाढवू नयेत, असे ठरले. ज्या कंपनीचा जन्म लंडनच्या वाटेवर झाला, तिनेच ती वाट लेखी करार करून सोडून दिली. वालचंद यांच्यासारख्या मानी पुरुषास हा करार किती बोचला असेल, हे सांगावयास नको. तथापि कंपनी जिवंत राहिली. टाटा लाइन आणि स्वदेशी कंपनी यांना जे साधले नाही, ते सिंदियास साधले. माघार घेऊनही ती नाहीशी झाली नाही.

घरचा पाया

येथून पुढील पंचवीस वर्षांतील शेठजींचे कार्य पाहता, लंडनच्या अपयशाचा त्यांनी किती बारकाईने हिशेब मांडला होता, हे दिसून येते. पहिल्या वेळी ज्या ज्या गोष्टींची उणीव भासली, ती प्रत्येक गोष्ट त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वदेशात निर्माण करण्याचा प्रयत्न केला.

पहिली उणीव कायद्याची होती. किनाऱ्यावरील वाहतूक स्वदेशी जहाजांसाठी राखून ठेवावी, या मागणीचे विधेयक साराभाई नेमचंद हाजी यांनी १९२८ साली मध्यवर्ती विधिमंडळात आणले. विलंबित वटावाच्या पद्धतीविरुद्धही त्यांनी आवाज उठविला. परकीय सरकारच्या राज्यात ही विधेयके मार्गी लागली नाहीत. परंतु हा प्रश्न केवळ एका कंपनीचा नसून साऱ्या देशाच्या व्यापाराचा आहे, हे लोकांना पटले.

दुसरी उणीव माणसांची होती. जहाजावरील वरिष्ठ अधिकारी गोरेच असत. हिंदी तरुणांना नौकानयनाचे शिक्षण मिळावे, या मागणीस १९२७ साली यश आले आणि मुंबईस ‘डफरिन’ हे शिक्षण-जहाज सुरू झाले. आज जगातील सागरावर जे हिंदी कप्तान व इंजिनिअर मानाने काम करतात, त्यांच्या परंपरेचा प्रारंभ येथून होतो.

तिसरी उणीव परदेशी मार्गांच्या अनुभवाची होती. नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर १९२९ साली वालचंद अध्यक्ष झाले. जुन्या कराराची मुदत संपल्यावर, १९३७ साली, सिंदियाने हाजी यात्रेकरूंसाठी जेद्दाहपर्यंत वाहतूक सुरू केली. पुन्हा दरयुद्ध झाले, पण कंपनी आता पूर्वीइतकी नवखी राहिली नव्हती. एका जैन अध्यक्षाच्या कंपनीने मुसलमान बांधवांच्या यात्रेसाठी जहाजे चालविली, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासाइतकीच सलोख्याच्या इतिहासातही नोंदविण्याजोगी आहे.

चौथी आणि सर्वांत मोठी उणीव जहाजबांधणीची होती. जहाज विकत घेणारा नेहमी परक्यावर अवलंबून राहतो. शेठजींनी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना काढण्याचे ठरविले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसविण्यात आली. युद्धकाळातील अनंत अडचणींतून वाट काढीत कारखाना उभा राहिला आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ हे आठ हजार टनांचे जहाज पाण्यात सोडण्यात आले. स्वतंत्र भारताने बांधलेले पहिले मोठे जहाज ते हेच.

याच १९४८ साली सिंदिया कंपनीने हिंदुस्थान ते विलायत अशी मालवाहतूक पुन्हा सुरू केली. ‘लॉयल्टी’ निघाल्यास तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती. या वेळी पाठीशी स्वतःचे सरकार होते, स्वतःचे अधिकारी होते, स्वतःच्या देशात जहाज बांधण्याची सोय होती आणि किनाऱ्यावरील पक्का धंदा होता. पहिल्या वेळी एकटे जहाज गेले होते. या वेळी त्याच्यामागे उभी केलेली संपूर्ण व्यवस्था गेली.

वालचंदनगर आणि रावळगाव येथील साखर कारखाने, बंगळूर येथील विमानाचा कारखाना, मुंबईतील मोटारींचा कारखाना हे शेठजींचे इतर उद्योग सर्वश्रुत आहेत. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय तर आपल्या परिसरातील कित्येक घरांतील मुलांचे विद्यामंदिर आहे. त्यांचा विस्तार येथे अप्रस्तुत होईल. प्रकृती खालावल्यामुळे शेठजी १९५० साली कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानास त्याच आठवड्यात चौतीस वर्षे पूर्ण झाली होती. १९६४ सालापासून ५ एप्रिल हा दिवस भारत सरकारतर्फे ‘राष्ट्रीय सागरी दिन’ म्हणून पाळण्यात येतो. पुढे काळाच्या ओघात सिंदिया कंपनीचेही वैभव ओसरले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिची जहाजे सागरावरून दिसेनाशी झाली. उद्योग चिरंतन नसतात. त्यांनी पाडलेली वाट मात्र पुढच्यांच्या उपयोगी पडते.

व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा बोध

आज आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबांतील तरुण आखाती देशांत, आफ्रिकेत, युरोप-अमेरिकेत जाऊन आपला व्यवसाय थाटण्याची स्वप्ने पाहतात. घरातील वडीलधारी मंडळी कधी भयाने, कधी मायेने त्यांना अडवितात. दोन्ही पक्षांना वालचंद शेठजींच्या या इतिहासातून काही शिकता येईल.

तरुणांनी हे ध्यानी घ्यावे की, परदेशात दुकान उघडण्याचा दिवस हा यशाचा दिवस नव्हे. तेथील रूढी, तेथील व्यापाऱ्यांचे आपसांतील संकेत, मालाचा परतीचा ओघ, तेथे आपल्या वतीने उभा राहणारा विश्वासू माणूस आणि मंदीची दोन वर्षे निभावून नेईल एवढी गंगाजळी, यांचा विचार निघण्यापूर्वीच झाला पाहिजे. तेजीच्या भरात घेतलेले जहाज मंदीत गळ्यातील धोंड होते. घरचा धंदा मोडून परदेशी जाणाऱ्याचे एक पाऊल चुकले, तर त्यास परतावयास जागा उरत नाही. सिंदिया वाचली, ती किनाऱ्यावरील धंद्यामुळे.

वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की, पहिला प्रयत्न फसला म्हणजे माणूस नालायक ठरत नाही. १९२३ साली ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली, तेव्हा वालचंद यांचे वय एकेचाळीसच्या आसपास होते. त्या दिवशी त्यांच्या घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्यांना सोलापूरच्या सावकारीवर परत बसविले असते, तर १९४८ चा दिवस उजाडला नसता. तोट्याचा हिशेब न लपविता मांडणे आणि त्यातील प्रत्येक रकमेपुढे तिचे कारण लिहिणे, ही व्यापाऱ्याची खरी विद्या आहे. शेठजींनी ती आयुष्यभर जोपासली.

परिग्रहाचे परिमाण सांगणाऱ्या धर्मात उद्योगाचा निषेध नाही. लोभाचा आणि फसवणुकीचा आहे. न्यायाने मिळविलेले द्रव्य विद्येकडे आणि समाजाकडे वळविणारे हिराचंद नेमचंद आणि अपयशानंतरही आपल्या वाटेवर ठाम राहणारे वालचंद हिराचंद, या पितापुत्रांचे स्मरण सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी व्हावे, हे उचितच आहे. ज्या घरात एखादा मुलगा पारपत्र हाती घेऊन आशीर्वादासाठी वाकेल, त्या घरात त्याला ‘लॉयल्टी’ची ही गोष्ट आरंभापासून अखेरपर्यंत, त्यातील तोट्यासकट सांगितली जावी.